उरलेल्या नव्वदांचे शिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६५ च्या उन्हाळ्यात, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध उघडलेल्या मोहिमेचा भाग म्हणून, गरीब घरांतील शाळेच्या उंबरठ्यावर आलेल्या बालकांसाठी ‘हेड स्टार्ट’ नावाची योजना आठ आठवड्यांच्या मुदतीपुरती सुरू झाली, आणि लोकांच्या पसंतीस उतरून पुढे ती बारमाही चालू लागली. १९७२ मध्ये तेथील काँग्रेसने या योजनेच्या कायद्यात अशी दुरुस्ती मंजूर केली की, देशभरातील एकंदर प्रवेशांपैकी निदान शेकडा दहा जागा अपंग बालकांसाठी उपलब्ध ठेवल्या जाव्यात. ही तरतूद करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती दहा बालके होती हे उघड आहे, आणि ते योग्यही होते. कारण तोवर त्यांच्या वाट्याला घराचा कोपरा किंवा एखादी अलग संस्था याखेरीज फारसे काही येत नव्हते. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या नव्वद बालकांना या व्यवस्थेतून काय मिळणार, हा प्रश्न निघालाच तर तो बहुधा काळजीच्या सुरात निघे.

या लेखात मला त्या उरलेल्या नव्वदांविषयी लिहावयाचे आहे. दिव्यांग आणि इतर मुले एकाच ताईंच्या देखरेखीखाली, एकाच सतरंजीवर बसून खेळतात आणि शिकतात अशा समावेशक बालवाडीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात करुणेचा स्वर प्रधान असतो: सुदृढ मुलांनी थोडे सोसावे, थोडे मागे सरावे आणि दुर्बलाला जागा करून द्यावी, अशी त्यामागील कल्पना असते. करुणेला मी कमी लेखत नाही. परंतु तीन ते सहा वर्षांच्या वयात चारचौघांसारख्या वाढणाऱ्या मुलाला अशा वर्गातून जे शिक्षण मिळते, ते एकसारख्या मुलांनी भरलेल्या वर्गात तितक्या विपुलतेने मिळणे जवळजवळ अशक्य आहे, अशी माझी खात्री झालेली आहे. आणि ती कशाच्या आधारावर, ते सांगण्यासाठी त्या वयाच्या मनाची घडण प्रथम पाहिली पाहिजे.

१९८३ साली हाइन्त्स विमर आणि योझेफ पेर्नर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक छोटी गोष्ट सांगून एक प्रश्न विचारला. माक्सी नावाचा मुलगा आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळावयास जातो. त्याच्या पश्चात आई ते चॉकलेट दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आलेला माक्सी ते कोठे शोधील? तीन वर्षांचे मूल बहुधा सांगते की, जेथे चॉकलेट आता आहे तेथे. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसेल, त्याच्या मनात जगाचे निराळे चित्र असेल, हे त्याच्या ध्यानात येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास मात्र उत्तर बदलू लागते आणि मूल सांगते की, माक्सी बिचारा पहिल्याच कपाटात शोधील. मानवी बुद्धीच्या वाढीतील हा फार मोठा पल्ला होय. दुसऱ्याशी बोलणे, त्याची समजूत घालणे, त्याच्याशी भांडून पुन्हा गट्टी करणे, हे सारे व्यवहार दुसऱ्याचे मन आपल्या मनाहून वेगळे आहे या जाणिवेवर उभे असतात. आणि योगायोग असा की, हा पल्ला नेमका बालवाडीच्या वयात गाठला जातो.

आता एकसारख्या मुलांच्या वर्गाची कल्पना करावी. तेथे सगळ्यांना साधारण सारखे ऐकू येते, सारखे पळता येते, सारखे बोलता येते. एकाने हाक मारली की दुसरा वळून पाहतो, आणि गैरसमज झालाच तर तो आपोआप मिटून जातो. समोरच्याला आपले म्हणणे का कळले नाही, असा विचार करण्याची पाळी मुलावर क्वचितच येते. समावेशक वर्गात ती पाळी दिवसातून कितीतरी वेळा येते. हाक मारूनही शेजारचा मुलगा वळत नाही, कारण त्याला ऐकू कमी येते. चेंडू टाकला तरी समोरची मुलगी तो झेलत नाही, कारण तिचे हात तिच्या इच्छेइतक्या वेगाने हलत नाहीत. तिसरा खेळात घ्यावयास गेल्यावर कानांवर हात ठेवून दूर जातो, कारण गलबला त्याला सहन होत नाही. अशा प्रत्येक प्रसंगी खेळ पुढे चालावयाचा असेल तर मुलाला थांबून दुसऱ्याच्या बाजूने पाहणे भाग पडते. माझ्या मते या वर्गाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, आणि तो कोणी उपदेश केल्याने होत नसून खेळाच्या गरजेतून होतो, हे त्यातील विशेष.

मुलांच्या ठिकाणी ही क्षमता असते काय, याविषयी पूर्वी शंका घेतली जात असे. लहान मूल स्वकेंद्रित असते हा झां पियाजे यांचा सिद्धान्त तेव्हा प्रमाण मानला जाई. १९७३ मध्ये मेरिलिन शात्झ आणि रॉशेल गेलमन यांनी दाखवून दिले की, चार वर्षांची मुले दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना आपली वाक्ये आखूड आणि सोपी करतात, मोठ्यांशी बोलताना तसे करीत नाहीत. पुढे १९७७ मध्ये मायकेल गुरालनिक आणि डायॅन पॉल-ब्राउन यांनी अपंग आणि इतर मुले एकत्र असलेल्या बालवर्गांत हीच गोष्ट तपासली, तेव्हा आढळले की इतर मुले आपल्या सोबत्याच्या समजुतीची पातळी ओळखून त्याप्रमाणे भाषा बदलतात: ज्याचा विकास अधिक मंदावलेला, त्याच्याशी अधिक साधे बोलतात. हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते.

हे बदलणे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे असते. ठोकळ्यांचा बंगला रचणारी चार-साडेचार वर्षांची मुलगी प्रथम आपल्या नेहमीच्या ओघात म्हणते, “अरे, तो लाल ठोकळा इकडे आण ना, मला गच्ची बांधायचीय.” समोरचा मुलगा नुसता पाहत राहतो. ती पुन्हा म्हणते, पण आता वाक्य गळून गेलेले असते: “ठोकळा. लाल.” आणि बोट ठोकळ्याकडे. तरीही काही घडत नाही, तेव्हा ती गुडघ्यांवर पुढे सरकते, त्याच्या तोंडासमोर येते, आपला तळहात उघडून धरते आणि थांबते. ठोकळा तळहातावर येतो. या तीन पायऱ्यांत तिने आपल्या बोलण्यातील सार वेगळे काढले, दृष्टी आणि हात यांना शब्दांच्या मदतीला घेतले, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला वेळ दिला. ज्यांनी प्रौढ माणसांना शिकविण्याचे काम केले आहे, त्यांना ठाऊक असेल की यांतील शेवटची पायरी साधण्यास कित्येकांना आयुष्य पुरत नाही.

दुसरा लाभ ज्ञानाचा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या कॅरन डायमंड यांनी बालवाडीतील मुलांना आपल्या अपंग सोबत्यांविषयी प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदविली. एखादा सोबती चालू का शकत नाही, याचा खुलासा मुले आपापल्या परीने करीत होती: तो अजून लहान आहे, मोठा झाला की चालेल, त्याच्याजवळ ती चाकांची खुर्ची आहे म्हणून तो चालत नाही, किंवा त्याचा पाय मोडलेला आहे. ही उत्तरे चुकीची असली तरी विचारहीन खचित नाहीत. जे डोळ्यांना दिसते त्यावरून कारण शोधण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे. डायमंड यांच्या अभ्यासांतून असेही दिसले की शारीरिक अपंगत्व मुलांच्या लवकर ध्यानात येते, बौद्धिक स्वरूपाचे उशिरा. आणि समावेशक वर्गात असलेल्या मुलांना अपंगत्वाविषयी इतरांपेक्षा अधिक माहिती असते व अपंग मुलांना ती अधिक सहजपणे आपली म्हणतात.

अशा वेळी बालवाडीच्या ताई काय बोलतात याला फार महत्त्व असते. “तो खुर्चीवर का बसतो?” या प्रश्नाला “असं विचारू नये हं!” असे उत्तर दिले की मूल इतकेच शिकते की ही गोष्ट लाजिरवाणी आहे, आणि पुढे ते पाहण्याचेच टाळू लागते. याउलट, “त्याच्या पायांचे स्नायू जन्मापासून ताठ आहेत, म्हणून त्याला उभं राहता येत नाही. तुला त्याच्यापासून ते होणार नाही, आणि त्याला दुखतही नाही. हवं तर त्यालाच विचार, खुर्ची कशी चालते,” असे सांगितले की भीतीही जाते आणि कुतूहलही वाया जात नाही. पूर्वग्रह हे पुष्कळदा अशाच न मिळालेल्या उत्तरांतून तयार होतात. पंचविशीत, एखाद्या कचेरीत, प्रथमच आंधळ्या सहकाऱ्याची गाठ पडल्यावर सुशिक्षित माणूस जो अवघडतो, मोठ्याने बोलू लागतो किंवा त्याच्याशी न बोलता त्याच्या सोबत्याशीच बोलतो, त्याचे मूळ या वयात आहे.

आता पालकांच्या भीतीकडे वळतो, कारण ती खरी असते आणि तिला हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. ताईंचे सारे लक्ष त्या एकाच मुलाकडे जाईल, आमचे मूल त्याच्या सवयी उचलील, आणि शेवटी अभ्यासात मागे पडेल, अशी ही तिहेरी भीती असते. तिसऱ्या शंकेविषयी ठाम आधार देता येतो. लॉरा जस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील ८३ बालवर्गांतील ६७० मुलांची भाषा वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस मोजली होती. त्यांपैकी सुमारे निम्मी मुले विशेष शिक्षणाची गरज असलेली होती. वर्गसोबत्यांची भाषा चांगली असेल तर मुलाची भाषा सुधारते, असे दिसले. पण हा परिणाम अपंग मुलांवर अधिक प्रखर होता, इतरांवर त्या मानाने सौम्य. ज्याला आधाराची गरज अधिक, त्याला सोबत्यांच्या भाषेचा उपयोगही अधिक झाला. चांगल्या रीतीने चालविलेल्या समावेशक वर्गांत इतर मुलांचा विकास खुंटतो, असे या विषयावरील गेल्या काही दशकांच्या संशोधनातून निघालेले नाही.

सवयी उचलण्याविषयी एवढेच सांगता येईल की मूल नक्कल करते ती ज्या वागण्याने काही मिळते त्याची. एखाद्याने किंचाळल्यावर सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा होत असेल, तर दुसराही किंचाळून पाहील. मग तो पहिला दिव्यांग असो वा नसो. फिलिप स्ट्रेन यांनी १९८१ साली पिट्सबर्ग येथे सुरू केलेल्या ‘लीप’ नावाच्या कार्यक्रमात स्वमग्न मुले आणि इतर मुले आरंभापासून एकत्र ठेवली गेली. तेथे इतर मुलांचे वर्तन बिघडण्याऐवजी त्यांची सामाजिक कौशल्ये वाढलेली दिसली. पहिली भीती, म्हणजे शिक्षिकेच्या वेळाची, ही मात्र पूर्णपणे व्यवस्थेवर अवलंबून आहे. चाळीस मुले, एक ताई आणि मदतीला कोणी नाही, अशा वर्गात दिव्यांग मूल आणून बसविणे म्हणजे समावेशन नव्हे. तेथे त्या मुलाचेही हाल होतात आणि इतरांचेही, आणि मग दोष मात्र कल्पनेच्या माथी मारला जातो.

केवळ एकत्र बसविल्याने प्रेम उपजते, असेही मी म्हणणार नाही. समावेशक वर्गांतही काही दिव्यांग मुले सर्वांची लाडकी असतात आणि काही अगदी एकाकी राहतात, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा नोंदविलेले आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांच्या स्वरूपावर लिहिलेल्या ग्रंथात मांडले होते की, दोन गटांतील संपर्काने पूर्वग्रह निवळावयाचा असेल तर दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य लागावे, आणि या साऱ्याला अधिकारपदावरील व्यक्तींचा पाठिंबा असावा. हे सूत्र वर्णभेदाच्या संदर्भात निघालेले असले, तरी बालवाडीच्या सतरंजीवर ते अक्षरशः लागू पडते. ‘लीप’ मध्ये इतर मुलांना स्वमग्न सोबत्याचे लक्ष कसे वेधावे, त्याला खेळणे कसे द्यावे आणि त्याच्याकडून कसे मागावे, त्याने दाद दिली नाही तर पुन्हा कसे प्रयत्न करावे, हे लहान लहान खेळांतून शिकविले जाते. दुसऱ्या एका पद्धतीत मुलांना तीनच गोष्टी सांगतात: सोबत राहा, खेळ, बोल. ऐकावयास सोप्या वाटल्या, तरी त्या रोज सरावाने शिकवाव्या लागतात.

समान दर्जाचा मुद्दा येथे सर्वांत नाजूक आहे. वर्गातील एखादी समंजस मुलगी हेरून तिला त्या मुलाची कायमची मदतनीस नेमणे ही चूक चांगल्या हेतूने पुष्कळ ठिकाणी होते. ती त्याचे बूट घालते, डबा उघडते, त्याच्या वतीने उत्तरे देते, आणि ताई तिची पाठ थोपटतात. यातून ती मुलगी काय शिकते? दिव्यांग माणूस हा सदैव घेणारा असतो, एवढेच. आणि तो मुलगा आपले हात चालविण्याचे सोडून देतो. म्हणून चतुर शिक्षिका कामांची वाटणी अशी करते की कधी तोही देणारा ठरावा: जो बोलत नाही पण ठोकळ्यांची रचना सर्वांपेक्षा अचूक करतो, त्याच्याकडे इतरांनी मनोरा शिकावयास जावे, जिला दिसत नाही तिने डोळे मिटून वस्तू ओळखण्याच्या खेळात पुढारीपण करावे. मदत करण्यापूर्वी “करू का?” असे विचारावे, हा साधा शिष्टाचार चार वर्षांचे मूल बिनबोभाट शिकते.

समावेशक वर्गाने इतर मुलांना होणारा आणखी एक लाभ आहे, आणि तो अप्रत्यक्ष असल्यामुळे सहसा हिशेबात धरला जात नाही. दिव्यांग मुलासाठी शिक्षणाची पद्धत सुधारावी लागते, आणि सुधारलेली पद्धत सर्वांच्याच कामी येते. आधुनिक बालशिक्षणाचा इतिहासच याची साक्ष देतो. मारिया माँटेसरी या मूळच्या वैद्य. रोम येथील वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त असलेली मतिमंद बालके पाहून त्यांनी इतार आणि सेगें या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ अभ्यासिले, त्यांचा इटालियन भाषेत स्वहस्ते तर्जुमा केला, आणि १९०० च्या सुमारास अशा बालकांच्या शाळेत दोन वर्षे काम केले. बोटांनी गिरविण्याची लाकडी अक्षरे त्यांनी या बालकांसाठी करवून घेतली होती. त्यांतील काही बालके सरकारी शाळांच्या लेखन-वाचनाच्या परीक्षेत इतरांच्या बरोबरीने उतरली, तेव्हा लोक या चमत्काराचे कौतुक करीत असता माँटेसरी बाईंना निराळाच प्रश्न पडला: मग सुदृढ मुलांना इतक्या खालच्या पातळीवर कशाने अडवून ठेवले आहे? ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलेले त्यांचे पहिले बालगृह हे या प्रश्नाचे उत्तर होते. म्हणजे आज शहरांतील सुखवस्तू पालक ज्या साहित्यासाठी भारी शुल्क भरतात, त्याची पहिली पारख, ज्यांना कोणी शिकवू इच्छीत नव्हते अशा मुलांच्या हातांत झाली. पुढे म्यूनिकचे बालरोगतज्ज्ञ थिओडोर हेलब्रुगे यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या बालकेंद्राच्या आश्रयाने याच पद्धतीचे बालवर्ग चालविले, आणि त्यांत अपंग व इतर मुले एकत्र बसविली. प्रत्येकाने आपापल्या गतीने काम निवडावयाचे असल्यामुळे कोणाला कोणासाठी खोळंबून राहावे लागत नसे. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, सूचना तोडून एकेक देणे, गलबल्याने शिणलेल्या मुलासाठी एक शांत कोपरा राखणे, या गोष्टी स्वमग्न मुलासाठी म्हणून वर्गात येतात. पण आईचा हात सोडून नुकत्याच आलेल्या, रडवेल्या झालेल्या कोणत्याही मुलाला त्यांचा तितकाच दिलासा मिळतो.

मुलाप्रमाणे शाळेने आपला आकार बदलावा, हे तत्त्व महाराष्ट्राला परके नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा वस्तीवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नावही घेतले. मात्र त्या अंगणात दिव्यांग बालकांना जागा मिळाली नाही. मुंबईत १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करणाऱ्या मिठू अलूर यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, सर्व बालकांसाठी म्हणून आखलेल्या या योजनेतून दिव्यांग बालके व्यवहारात वगळली जात होती. सेविकांना त्यांच्याविषयी काही सांगितलेलेच नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती ठरवून देणारा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात अपंगत्वाची लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला अंगणवाडीच्या खेळांत आणि गावच्या कार्यक्रमांत सामील करणे, आणि गरजेप्रमाणे आरोग्य पथकाकडे धाडणे अशी कामे सांगितलेली आहेत.

कायद्यात मात्र अजून एक पोकळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि समावेशक शिक्षणाची व्याख्याही केली. पण मोफत शिक्षणाचा हक्क त्याने सहा ते अठरा या वयासाठी दिला, आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदाही सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. माक्सीच्या कपाटाचे कोडे ज्या वयात सुटते, ते वय सक्तीच्या तरतुदींबाहेर राहते, आणि बालवाडीत कोणाला घ्यावयाचे हे बव्हंशी चालकांच्या मर्जीवर सोपविले जाते. चालक पालकांच्या मर्जीकडे पाहतात. म्हणून प्रवेशाच्या वेळी पालक काय विचारतात याला वजन आहे. तसली मुले वर्गात नाहीत ना, असे न विचारता, किती मुलांमागे एक ताई आहे, मदतीला मदतनीस आहे काय, बोलता न येणाऱ्या मुलाला आपले म्हणणे कळविण्याची काय सोय केलेली आहे, आणि खेळाच्या वेळी तो कोणाबरोबर खेळतो, एवढे प्रश्न विचारून पाहावेत. ज्या बालवाडीला यांची उत्तरे नीट देता येतात, तेथे आपले मूल बेलाशक घालावे.